नुसती एक नजर टाकली

३ मार्च, मंगळवार

बाई येणार! सतरा तारखेला. साहेबांनी चहाच्या सुट्टीत केबिनमध्ये बोलावून सांगितलं. आमची झबली विकत घेणाऱ्या कंपनीच्या तपासनीस बाई, परदेशातल्या, गेल्या वर्षी आल्या होत्या त्याच. या वेळी दिवसभर माझ्या टेबलाशी बसणार म्हणे. "ताई, चेकिंगच्या मुख्याची जागा रिकामी आहे. बाईंशी इंग्रजीत चार वाक्यं नीट बोललात तर ती जागा तुमचीच समजा."

अठरा वर्षं तान्ह्या पोरांच्या झबल्यांच्या शिवणी तपासतेय, तेव्हा कुणी काही समजलं नाही. आता चार वाक्यांवर गाडी आली.

गेल्या वर्षी बाई दारातूनच म्हणाल्या होत्या की मी जरा 'हॅव अ गँडर' करते. साहेबांनी काय समजायचं ते समजून त्यांना थेट बाथरूमकडे नेलं. बाई बिचाऱ्या आत जाऊन हात धुऊन आल्या आणि मग कारखाना बघायला लागल्या. तेव्हापासून आमच्यात त्यांचं नाव गँडरबाई.

घरी हे सांगितलं तर लेक पोट धरून हसली. कॉलेजात इंग्रजीच शिकतेय ती, शेवटचं वर्ष. दुसरीत असल्यापासून मला शिकवायची हौस, म्हणून मी तिला मास्तरीणबाई म्हणते. ही वही तिनंच दिली. "रोज नवे शब्द लिही आणि खाली त्या दिवशी काय झालं ते लिही. नुसता शब्द डोक्यात राहत नाही, आई." बाकीचं वाचणार नाही म्हणून शपथही घेतली. बघू.

४ मार्च

हॅव अ गँडर. म्हणजे जरा बघणं. गँडर म्हणजे नर हंस, तो मान लांब करून बघतो, तसं. साहेबांना सांगायला हवं, बाथरूमचा काही संबंध नव्हता.

टेक अ पीक. म्हणजेही जरा बघणं.

गिव्ह इट द वन्स-ओव्हर. तेच. वरून खालपर्यंत एक नजर.

हॅव अ बुचर्स. हेही तेच! यात खाटीक कुठून आला ते मास्तरीणबाईंनी समजावलं, यमक वगैरे काहीतरी, माझ्या डोक्यावरून गेलं. शुफ्टी म्हणूनही एक आहे. तेही तेच.

मी म्हटलं, या लोकांना कधी नीट बघायला सवड नसते की काय? तर म्हणाली, "आपल्यात काय कमी आहेत?" मग आम्ही भाजी निवडता निवडता मोजत बसलो. नजर टाकणं, डोकावणं, चाळणं, ओझरतं बघणं, डोळ्याखालून घालणं. कानाडोळा मी सुचवला, तिनं बाद केला. तो न बघण्याचा प्रकार आहे म्हणे.

फार दिवसांनी दोघी एवढ्या हसलो.

५ मार्च

टेबलावरचा दिवा बदलायला सांगितला पाहिजे. दुपारनंतर पांढऱ्या कापडावर पांढरी शिवण दिसेनाशी होते. अलीकडे दोराही फिकट आणतात.

७ मार्च, शनिवार

मावशी जिन्यात भेटल्या. माझ्या शेजारचं चेकिंगचं टेबल त्यांचं होतं. सगळा कारखाना त्यांना मावशी म्हणतो. चार वर्षांपूर्वी त्यांना चष्मा लागला, आणि पंधरा दिवसांत त्यांची रवानगी खाली दोरे कापायच्या खोलीत. तिथं बसून दिवसभर लोंबते दोरे कापायचे, बस. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. चष्मा आला की टेबल गेलं.

आज त्यांच्या नाकावर तो चष्मा बघून मी बोलणं अर्धंच टाकून वर आले. का आले ते इथं लिहीत नाही.

मास्तरीणबाई मघाशी म्हणाली, "अक्षरं केवढाली काढतेस गं आई, पाटीवर लिहिल्यासारखी." म्हटलं, माझी वही, माझं अक्षर.

वहीच्या कडेला कसला तरी मळ लागलाय. पदरानं पुसला, जात नाही.

९ मार्च, सोमवार

सुई तुटली. वेणीच्या मशीनवर.

वेणी म्हणजे कमरेखाली वेणी असलेली नवी मुलगी. लागून तीनच महिने झालेत. सुई तुटली की आमच्याकडे मशीन तिथल्या तिथे थांबतं. का, ते नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते. आपण शिवतो ते महिन्या-दोन महिन्यांच्या बाळाच्या अंगाला लागणार. ते रडेल, पण कुठं टोचतंय ते सांगू शकणार नाही. म्हणून तुटलेल्या सुईचा तुकडा न् तुकडा गोळा करायचा. तो माझ्याकडे आणायचा. मी ते तुकडे अख्ख्या सुईशेजारी लावून बघायचे, टोकाला टोक जुळतंय ना, आणि सुईच्या रजिस्टरात चिकटपट्टीनं डकवून सही करायची. सही होईपर्यंत तो लॉट हलत नाही.

वेणी घाबरून जमिनीवर रांगत होती. कागदाच्या पुडीत तुकडे घेऊन आली. "तीन आहेत, ताई." मी मोजले. तीन. घाई होती, जेवणाची घंटा झाली होती, नुसती एक नजर टाकली आणि सही केली. सहाशे चाळीस झबली खाली पॅकिंगला गेली.

एरवी खाली धातू शोधायचं यंत्र असतं. ते महिनाभर दुरुस्तीला गेलंय.

आज नवा शब्द नाही.

१० मार्च

सकाळी सहज रजिस्टर उघडलं. कालच्या पानावरून बोट फिरवलं.

सुईचं टोक चिकटपट्टीखालूनही बोटाला लागतं. नेहमी लागतं. अठरा वर्षांत किती टोकं डकवली, बोटाला पाठ आहे ते. काल डकवलेल्या तिसऱ्या तुकड्यावरून तीनदा बोट फिरवलं. गुळगुळीत. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत.

ते टोक नाही. काय आहे देव जाणे, पण टोक नाही.

मग टोक कुठं आहे?

रजिस्टर मिटून ठेवलं. दिवसभर हात काम करत होते, मी तिथं नव्हते.

११ मार्च, बुधवार

सांगितलं तर काय होईल ते लिहून काढते, म्हणजे डोकं जागेवर येईल. सगळी खोकी उघडावी लागतील. माल वेळेवर जाणार नाही. वेणीला घरी बसवतील. मुख्याची जागा तर सोडाच, माझं टेबलही जाईल. साहेब विचारतील, "ताई, तुम्ही असूनसुद्धा?"

नाही सांगितलं तर काय होईल ते लिहायला हात धजत नाही.

मास्तरीणबाई घुम्यासारखी वागतेय. सकाळी चहा देताना एकदम म्हणाली, "वाचलंस?" मी म्हटलं, वाचलं की, गँडर, पीक, सगळं पाठ आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पिशवी उचलून चालती झाली. परीक्षा जवळ आलीय, डोकं फिरलं असेल.

१२ मार्च

टोक खाली पडून झाडूत गेलं असेल. नक्की तसंच झालं असेल. दहातल्या नऊ वेळा टोक जमिनीवरच पडतं.

दहातल्या नऊ वेळा.

लेक बोलत नाही. जेवताना समोर बसून ताटात बघत होती. म्हटलं, काय बिनसलंय? "तुला माहीत आहे." मला काय माहीत असणार, कप्पाळ!

१४ मार्च, शनिवार

वेणीनं आज मला रुमाल आणून दिला, कडेला तिनं स्वतः वेल भरलेली. "ताई, त्या दिवशी तुम्ही ओरडला नाहीत." वेल कसली आहे ते विचारलं, तर म्हणाली निळी फुलं आहेत की. निळी, हो. मी हातानं चाचपून म्हटलं, छान जमलीय.

तिला नोकरी गेलेली परवडणार नाही. मलाही नाही. आणि सहाशे चाळीस बाळांपैकी एकाच्या नशिबात काय असेल ते असेल, असं कुणी म्हणू शकतं का? मी तीन दिवस तेच म्हणतेय. लाज वाटते.

१६ मार्च, सोमवार

माल परवा सकाळी जाणार. उद्या गँडरबाईंनी पास केला की ट्रक भरायचा.

साहेबांच्या केबिनपर्यंत दोनदा गेले. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा नव्हते, तरी परत आले.

वहीच्या कडेचा मळ वाढतच चाललाय. स्वयंपाकघरात ठेवते म्हणून असेल.

१७ मार्च, मंगळवार

सगळं क्रमानं लिहिते.

बाई नऊला आल्या. साठीच्या असतील. गळ्यात दोन दोऱ्या आणि दोन्हींना चष्मे! एक जवळचा, एक लांबचा. मी बघतच राहिले. झबली घेणाऱ्या कंपनीची ही सगळ्यात मोठी तपासनीस, आणि हिच्या गळ्यात दोन दोन चष्मे.

बसल्या आणि म्हणाल्या, चला, हॅव अ बुचर्स. मी पटकन म्हटलं, "येस मॅडम, टेक अ पीक." बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की दारातल्या साहेबांचाही जीव भांड्यात पडला. झबली बघितली, शिवणी बघितल्या, मला नातवाचा फोटो दाखवला. चार काय, चाळीस वाक्यं झाली असतील. ती जागा माझ्या टेबलापासून हातभरावर आली होती.

मग सुईचं रजिस्टर मागितलं. "जस्ट अ वन्स-ओव्हर," म्हणाल्या. चष्मा न लावताच पानं उलटायला लागल्या. जानेवारी. फेब्रुवारी. मार्च. नऊ तारखेचं पान आलं. तीन तुकडे, सही, तारीख. पान उलटायला त्यांचं बोट कडेखाली गेलं.

संपलं होतं सगळं. मी गप्प बसले असते तर पान उलटलं असतं, ट्रक भरला असता, आणि आज मी पेढे वाटले असते.

माझा हात पानावर पडला. मी ठेवला असं नाही म्हणवत, पडलाच. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मला बोलता येईना. जरा बघण्याचे एवढे शब्द पाठ केले होते, नीट बघा म्हणायला एक शिकले नव्हते. शेवटी म्हटलं, "नो वन्स-ओव्हर, मॅडम. प्लीज. लाँग लुक."

"लाँग लुक?"

"व्हेरी लाँग."

बाईंनी जवळचा चष्मा लावला. पानावर वाकल्या. वाकूनच राहिल्या. मग नखानं चिकटपट्टी सोडवून तिसरा तुकडा तळहातावर घेतला. स्टेपलरची पिन होती. पिनेचा मोडका पाय. वेणीनं घाईघाईत जमिनीवरून उचललेला.

साहेब पांढरेफटक. मी त्यांना म्हटलं, वेणीला काही बोलू नका. पुडीत काहीही आलं तरी ते जुळवून बघणं माझं काम. मी नुसती एक नजर टाकली आणि सही केली. चूक माझी. बाईंनाही तेच सांगितलं, "माय आय, माय साइन." साहेब एवढंच म्हणाले, "ताई, तुम्ही असूनसुद्धा?" तेच शब्द. मला वाटलं होतं तेवढं ते लागलं नाही, आधीच आठवडाभर ऐकत होते.

सगळी खोकी वर आणली. मशीनं बंद. सगळ्या बायका टेबलांना चिकटल्या. दोरे कापायच्या खोलीतून मावशीसुद्धा आल्या. बाईंनीही बाह्या सरसावल्या. प्रत्येक झबलं उलटं करायचं, शिवणी दाबत जायच्या. वेणी रडत रडत दाबत होती. मी तिला म्हटलं, रड, पण बोटं चालू ठेव.

साडेतीनला ते मला मिळालं. गळ्याच्या पट्टीत, आतल्या बाजूला. मानेला लागलं असतं, बरोबर मानेला. मी डोळे मिटून चाचपत होते, आणि टोचलं. बोटातून टिपूसभर रक्त आलं आणि मी तिथंच खाली बसले.

गँडरबाई माझ्यासमोर बसल्या. बऱ्याच वेळापासून माझ्याकडे बघत असाव्यात. गळ्यातला चष्मा काढला आणि काही न विचारता माझ्या नाकावर ठेवला. म्हणाल्या, "गो ऑन. हॅव अ गँडर."

मी हातातल्या कापडाकडे बघितलं. देवा! कापडाचा धागा न् धागा वेगळा दिसत होता. कमरेला वेणीचा रुमाल होता, तो काढून बघितला. निळी फुलं होतीच, पण प्रत्येक फुलात पिवळा ठिपकाही होता. मला हुंदका आवरेना.

आता खरं लिहिते. या वहीशीसुद्धा खोटं बोलले मी. नऊ तारखेला घाई नव्हती. जेवणाची घंटा झालीच नव्हती. मी ते तुकडे दिव्याखाली धरून नीट बघितले होते. तीन वेळा बघितले. जवळ धरले, लांब धरले. टोक आहे की नाही ते मला दिसलंच नाही. आणि दिसत नाही म्हणण्यापेक्षा नजर टाकली म्हणणं बरं वाटलं. आळशी म्हटलेलं चाललं असतं. आंधळी म्हटलेलं नको होतं.

हे सगळं मावशींना तिथंच सांगितलं. तुमच्यासारखं टेबल जाईल म्हणून लपवलं, म्हटलं. मावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बाई, चष्म्यानं कुठलं! गुडघे गेले माझे. उभं राहवेना म्हणून मीच साहेबांच्या हातापाया पडून खाली बसायची जागा मागून घेतली." चार वर्षं आम्ही सगळ्या कुजबुजत होतो, एकीनंही विचारलं नाही.

सहाला सुटले. फाटकाशी मास्तरीणबाई उभी! तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं, तू इथं कशी? "तुला न्यायला आले." आठवड्यानं बोलली. वाटेत सगळं सांगितलं. तिनं भर रस्त्यात मला मिठी मारली आणि सोडेचना.

१८ मार्च

ट्रक एक दिवस उशिरा जाईल. वेणीची नोकरी राहिली. मला लेखी समज मिळाली. मुख्याच्या जागेचं विचारलं तर साहेब म्हणाले, "बघू." साहेबांचं 'बघू' मला कळतं, त्याला इंग्रजी लागत नाही. चष्मा करायला मात्र अर्ध्या दिवसाची रजा स्वतःहून दिली.

जाताना बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षीही याच टेबलाशी बसेन. लाँग लुक.

२३ मार्च, सोमवार

चष्मा आला. पहिल्यांदा ही वही उघडली. कडेला आहे तो मळ नाही, पेन्सिल आहे. लेकीचं बारीक अक्षर, पहिल्या पानापासून.

चार तारखेच्या बाजूला: "वही उघडीच होती, जरा डोकावले. सॉरी, आई. शुफ्टी बरोबर लिहिलंस."

पाचच्या बाजूला: "दिवा नाही गं, डोळे. शनिवारी चल माझ्याबरोबर."

दहाच्या बाजूला: "उद्याच सांग. मी येते तुझ्यासोबत. तोंडानं बोलायचा धीर होत नाही, चोरून वाचलंय म्हणून इथं लिहितेय. वाचलंस की नुसती मान हलव."

बाराच्या बाजूला: "तू सगळं वाचतेस आणि गप्प बसतेस. ही माझी आई नाही."

सोळाच्या बाजूला: "उद्या सहाला मी फाटकाशी येणार. तू सांगितलं नसशील तर मी आत जाऊन सांगेन." आणि त्याच्या खाली, एवढं फिकट की चष्म्यातूनही दोनदा वाचावं लागलं: "आई, तुला हे दिसतच नाहीये का गं?"

तिच्या कंपासपेटीतून पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, नव्हतं दिसत. वही उघडीच ठेवतेय, तिच्या टेबलावर.